आतल्या बाजूची पाटी

शनिवार, ९ मार्च. सकाळी गार, दुपारी ऊन. दाताच्या डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलले. दोन ते पाच दुकानाची पाटी लिहिली. नऊ पदार्थ. 'घटस्फोट' दोनदा पुसावे लागले, ओळ तिरकी जात होती. मास्तरांनी साडेसातला टांगली. मनासारखी झाली आहे. रात्री खाली जाऊन अर्धा हॉटडॉग खाल्ला. लेक आलेली होती. साडेदहाला वर आले. लगेच झोप लागली.

मला लगेच झोप लागली त्याच रात्री, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, मावशी आपल्या दुकानात शेवटच्या वेळी उभ्या होत्या. त्यांची लेक स्टुलावर बसून बघत होती, की आईला अजून जमतंय का. जमलं तर आई तव्यामागे राहणार होती. नाही जमलं तर सोमवारी त्यांना विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात न्यायचं होतं. तिथली जागा सोमवार सकाळपर्यंतच राखून ठेवलेली होती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी पाटी लिहायला घेतली.

मावशी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तरी मीही त्यांना मावशीच म्हणायचे, कारण सगळी गल्ली म्हणायची. त्या मला ताई म्हणायच्या. दुकान हॉटडॉगचं, रुंदीला नऊ फूट. एक तवा, एक मोठं पातेलं ज्यात सॉसेजं उकळी यायच्या जरा अलीकडच्या पाण्यात ठेवलेली, पाव वाफवायची पेटी, चार स्टुलं. त्यातलं एक कायम डुगडुगतं, आणि नवा माणूस नेमका त्यावरच बसतो. रात्री आठला शटर वर, पहाटे चारला खाली. रस्त्याच्या एका टोकाला हॉस्पिटलचं मागचं दार, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्राचा छापखाना, आणि मध्ये टॅक्सी स्टँड. दिवसा या रस्त्यावर कुणाला भूक लागत नाही.

वयाच्या बाविसाव्या वर्षी मावशी एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायच्या. धुलाईघराच्या टेम्पोचा ड्रायव्हर रोज उशिरा यायचा, तेव्हा यांनी ठरवलं की टेम्पो आपणच चालवायचा. शिकायला गेल्या. शिकवणारे मास्तर. तीनदा परीक्षेत नापास झाल्या, आणि तिसऱ्यांदा तर परीक्षकाचीच सायकल पाडली. मास्तर सांगायचे, "मी हिला म्हटलं, तुम्हाला गाडी येणार नाही, पण मला तुमच्याशिवाय करमणार नाही."

मावशी तव्यावरून नजर न हलवता म्हणायच्या, "असलं काही बोलले नाहीत हे. म्हणाले, चौथ्या वेळची फी घेणार नाही."

लग्नाला चाळीस वर्षं उलटली तरी त्या नवऱ्याला मास्तरच म्हणायच्या. पुढे शिकवणी बंद पडली आणि दोघांनी एका घड्याळजीचं दुकान घेतलं. भिंतीवर घड्याळांच्या खिळ्यांची भोकं अजून आहेत.

या दुकानाला सव्वीस वर्षं पाटी नव्हती. मेनू मावशींच्या डोक्यात होता. नवीन गिऱ्हाईक दोनदा आलं की तिसऱ्यांदा त्या फक्त "नेहमीचं?" एवढंच विचारायच्या. आणि पदार्थांना माणसांची नावं पडत गेली, म्हणजे खरं तर माणसांच्या पोटापाण्याची. 'ड्रायव्हर' म्हणजे सॉस आणि कच्चा कांदा आधी पावाला लावायचा आणि सॉसेज वर, घट्ट गुंडाळून, म्हणजे एक हात स्टिअरिंगवर असताना मांडीवर ठिबकत नाही. 'नर्स' म्हणजे मधोमध कापलेला, कारण तिला एका सुट्टीत अख्खा खायला कधी मिळत नाही. 'प्रेस' दोन कागदांत, शाईच्या हातांसाठी. 'ट्रम्पेट' बिनकांद्याचा. हा माणूस एका नाचगाण्याच्या क्लबात वाजवायचा आणि तिथून थेट इथे यायचा. तो म्हणायचा, कांदा खाल्ला की श्वासाचा घोटाळा होतो. मावशी म्हणायच्या, "श्वासाचा नाही, शेजारच्या गाणाऱ्या बाईचा घोटाळा होतो." 'वकील' म्हणजे काकडी, कोबी, चीज, दोन्ही सॉस, तळलेला कांदा, जे असेल ते सगळं. 'पहिला पगार' म्हणजे दोन सॉसेजं एका पावात. 'घटस्फोट' म्हणजे पाव वेगळा, सॉसेज वेगळं. तो एका न्हाव्याचा होता. त्याचं दुसरं लग्न झालं तेव्हा मावशींनी विचारलं, "आता तरी जोडून देऊ का?" तो म्हणाला, "नको मावशी. सावध असलेलं बरं."

'नवरा' म्हणजे नुसतं सॉसेज नुसत्या पावात, वर काहीही नाही. "ह्याला चव आपणच आणायची असते," असं त्या मास्तरांसमोर सांगायच्या आणि मास्तर तोच खात बसलेले असायचे.

आणि 'ताई' माझा. अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्या रात्री पाहुणे झोपल्यावर दोन वाजता मी जिना उतरून खाली गेले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसाच्या नोंदीतही लिहिलेलं नाही. मावशींनी मला काही विचारलं नाही. एका पावाचे दोन तुकडे केले, एक परत ठेवला, दुसरा तव्यावर लोण्यात भाजला, कांदा अगदी मऊ होईपर्यंत शिजवला, आणि माझ्यासमोर बशी ठेवून म्हणाल्या, "अख्खा आज जाणार नाही तुम्हाला." मी खाल्ला. त्यानंतर अख्खा मागावा असं मला कधी वाटलं नाही.

मावशी विसरायला लागल्या हे आधी गिऱ्हाइकांना कळलं. नर्सला न कापलेला मिळाला. ट्रम्पेटवाल्याला कांदा मिळाला. कुणी तक्रार केली नाही. पण एकदा त्यांनी न्हाव्याला विचारलं, "काय घेणार तुम्ही?" तो माणूस पंधरा वर्षं तिथे खात होता. त्याने सावकाश सगळं सांगितलं, पाव वेगळा, सॉसेज वेगळं, आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभ्याउभ्या रडला.

तेव्हा मास्तरांनी पाटी केली. एका खोक्याचा पुठ्ठा, जाड काळं पेन. मास्तरांचं अक्षर म्हणजे गाडी शिकायला आलेल्या माणसाने चालवलेली गाडी. प्रत्येक पदार्थापुढे चित्र: स्टिअरिंग, नर्सची टोपी, ट्रम्पेट, 'नवरा'पुढे मिशी. आणि ही पाटी त्यांनी दुकानाच्या आत, तव्याच्या वर, मावशींकडे तोंड करून टांगली. गिऱ्हाइकांना दिसायची ती पाठ, आणि पाठीवर छापलेलं, 'हे खोके उलटे ठेवू नये'.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, पाटी उलटी लागलीय."

"बरोबर लागलीय. तुला काय हवंय ते तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग तू कशाला वाचतोस? तुझा नंबर चार. चार म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं."

नंबर पडले ते माणसं रात्रीत ज्या क्रमाने येत त्या क्रमाने. उघडायच्या आधी मास्तर स्वतः खायचे, म्हणून 'नवरा' एक. नऊ-दहाला मी, दोन. अकराला नर्स, तीन. मग ड्रायव्हर, प्रेस, ट्रम्पेट, घटस्फोट, वकील. 'पहिला पगार' शेवटी, कारण तो महिन्यातून एखाद्या वेळीच लागायचा. सगळ्यांनी आपापले नंबर पाठ केले. यायचे, "पाच," म्हणायचे, मावशी वर बघायच्या, ओठ हलवत वाचायच्या, आणि हात सुरू व्हायचे. हात एकदा सुरू झाले की त्यात काही कमी नव्हतं. सहा महिने ह्या पुठ्ठ्यावर दुकान चाललं. माझा नंबर मला कधी सांगावा लागला नाही. मला बघितलं की त्या अर्धा पाव काढायच्या.

जानेवारीत मावशींनी चिमट्याऐवजी हातानेच तव्यावरचं सॉसेज उचललं. तीन बोटं भाजली. लेक दुसऱ्या गावाहून आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. शांत मुलगी आहे, आवाज चढवत नाही. ह्याच काउंटरखाली पाण्याच्या पिंपावर बसून तिने शाळेचा अभ्यास केलेला, त्यामुळे कोण काय खातं हे तिलाही पाठ. तिने मास्तरांना सांगितलं, "बाबा, तुम्ही तिच्यासाठी सगळं झाकता. मला खरं बघू द्या. एक अख्खी रात्र मी बसते. तुम्ही आत यायचं नाही, काही सुचवायचं नाही. तिला जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मास्तर कबूल झाले. त्यांना खात्री होती. पुठ्ठा होता ना.

पण पुठ्ठा तेलाने काळा पडलेला. पाचचा आकडा अर्धा गेलेला. शुक्रवारी मास्तर मला म्हणाले, "ताई, लेक येतेय. हे जरा तुमच्या अक्षरात होऊ दे ना. हिला वाचायला सोपं जाईल."

माझं अक्षर चांगलं आहे. मिशनच्या शाळेत आम्हाला सिस्टर पट्टीने ओळी आखायला लावायच्या आणि गिचमिड केलेलं पान फाडून हातात द्यायच्या. सत्तर वर्षं मी त्या सिस्टरला घाबरून लिहिते आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी पुठ्ठा घरी आणला, त्यावरचं सगळं आधी रोजनिशीत उतरवून घेतलं आणि शनिवारी दुपारी स्वच्छ पांढऱ्या पाटीवर लिहायला बसले.

बसल्यावर मला वाटलं की ह्या यादीला काही शिस्तच नाही. अर्ध्या पावाच्या खाली कापलेला, त्याच्या खाली गुंडाळलेला, मध्येच बिनकांद्याचा. मी ती आधी रोजनिशीत, शनिवारच्या पानावर, लावून घेतली. सगळ्यात साधा आधी, मग एकेक जिन्नस वाढत जाईल तसं खाली, शेवटी वकील. पहिला नवरा, दुसरा घटस्फोट, तिसरा ट्रम्पेट, चौथा ताई, पाचवा नर्स, सहावा ड्रायव्हर, सातवा प्रेस, आठवा पहिला पगार, नववा वकील. डावीकडे नाव, उजवीकडे काय काय घालायचं ते. चित्रं गाळली. ती मला पोरकट वाटली, आणि लेकीला दिसायला नको असंही वाटलं. आकडे मी सगळ्यात शेवटी घातले, लाल रंगात, ओळीने एक ते नऊ. जुना पुठ्ठा चार तुकडे करून कचऱ्यात टाकला.

मास्तरांनी पाटी हातात घेतली आणि म्हणाले, "छापल्यासारखी आहे हो." वाचली नाही. अक्षरच बघत राहिले. मग टांगली.

रात्री मी गेले तेव्हा मावशींनी स्वच्छ ॲप्रन घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. मला बघून अर्धा पाव काढला. लेकीने माझ्याकडे बघून मान हलवली, हे ठीक झालं अशा अर्थाने. मास्तर बाहेर फुटपाथवर कोटाचे खिसे चाचपत उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच अडवून सांगत होते, "नंबर नीट म्हण. मोठ्याने म्हण. बाकी एक अक्षर बोलू नकोस."

मी वर येऊन झोपले.

रविवारी सकाळी मास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, "नाही जमलं, ताई." त्यांच्या तोंडाकडे बघून मी काही विचारलं नाही. सोमवारी दहा वाजता टॅक्सी आली. ती आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरची नव्हती, त्याने यायला नकार दिला होता. मावशींनी खिडकीतून वर बघून मला हात केला. मी हात केला.

बुधवारी औषधाच्या दुकानात मला ड्रायव्हर भेटला. तो माझ्या मागे रांगेत उभा होता. मग म्हणाला, "आजी, एक सांगू? शनिवारी मावशींनी मला तुमचा दिला."

"माझा काय?"

"हॉटडॉग. अर्धा. भाजलेला पाव, शिजवलेला कांदा. मी चार म्हटलं, त्यांनी वर बघितलं आणि तुमचा बांधून दिला. लेक बसली होती समोर, मी काय बोलणार? गाडीत दोन घासांत संपला. पहाटेपर्यंत पोटात कावळे." तो हसला, मग थांबला. "कुणीच काही बोललं नाही आजी. ट्रम्पेटवाल्याने तर एवढा कच्चा कांदा गिळला. डोळ्यांतून पाणी, आणि म्हणतोय, मस्त झालाय मावशी."

"त्याने किती म्हटलं होतं?"

"त्याचा सहा ना. सहा म्हटलं."

मी औषध न घेता घरी आले. रोजनिशी उघडली. डाव्या पानावर शुक्रवार, जुनी यादी, आकड्यांसकट. उजव्या पानावर शनिवार, माझी यादी. दोन्ही माझ्याच अक्षरात, समोरासमोर. जुन्या यादीत चार, ड्रायव्हर. माझ्या यादीत चार, ताई. जुन्यात सहा, ट्रम्पेट. माझ्यात सहा, ड्रायव्हर. मी बोट ठेवून एकेक ओळ बघत गेले. एक नंबर सोडला तर एकही जुळत नव्हता. माणसं जुने आकडे म्हणत होती आणि मावशी नवे वाचत होत्या. त्यांनी रात्रभर पाटीवर लिहिलेलं अचूक केलं होतं. खाणाऱ्यांनी त्यांच्यावरच्या मायेपोटी ते मुकाट गिळलं होतं. आणि जुन्या यादीच्या खाली मी शुक्रवारी लिहून ठेवलेलं: 'चित्रे काढण्याची गरज नाही.'

मी ती वही घेऊन खाली गेले. शटर अर्धं खाली होतं. मास्तर स्टुलावर बसले होते, लेक बरण्या धूत होती. मी वही काउंटरवर उघडून ठेवली.

"मास्तर, पाटी मी चुकीची लिहिली."

त्यांनी वहीकडे बघितलं नाही. "माहीत आहे, ताई. रविवारी उतरवताना वाचली."

लेकीने नळ बंद केला. "काय माहीत आहे?"

मास्तरांनी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ती ओल्या हातांनीच वहीपाशी आली, दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे आई चुकत नव्हती."

"नाही. जे लिहिलं होतं ते देत होती."

ती डुगडुगत्या स्टुलावर बसली. "बाबा, तिचा हात आधी बरोबर गेला होता," ती म्हणाली. "ड्रायव्हर आत आला, तो काही बोलायच्या आधीच तिने अख्खा पाव उचलला. सॉस खाली लावायला घेतला. मग त्याने चार म्हटलं. तिने वर बघितलं आणि पाव परत ठेवला. सगळ्यांच्या बाबतीत तसंच. हात जायचा, मग ती वाचायची, मग हात मागे घ्यायची. मला वाटलं तिचा गोंधळ होतोय. मी मोजत होते बाबा. सतरा वेळा."

मी विचारलं, "मास्तर, रविवारी कळलं तर मग सोमवारी त्यांना जाऊ का दिलंत?"

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आधी तिलाच सांगितलं. म्हटलं, अगं, तू चुकली नाहीस, आकडे चुकले. चल, लेकीला सांगू. मला वाटलं खूश होईल. ती पलंगावर बसून राहिली. मग म्हणाली, मास्तर, मला दिसत होतं ना समोर कोण उभं आहे ते. त्याला काय लागतं ते माझ्या हाताला माहीत होतं. तरी मी पाटीचं ऐकलं. एकदा नाही, रात्रभर. उद्या पाटीवर कुणी लिहिलं की हात तव्यावर ठेव, तर मी ठेवीन. आता माझं मलाच खरं वाटत नाही. मग तिथे कशाला उभं राहायचं?"

लेक म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तिने शपथ घातली. म्हणाली, पोरीला सांगितलं तर ती मला ठेवून घेईल आणि तिकडे दातांपेक्षा माझ्याच काळजीत राहील. आणि ताईंना तर मुळीच सांगू नका, म्हणाली. त्यांना झोप लागायची नाही."

लेकीने मला दोष दिला नाही. मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काकू, आज ना उद्या हे होणारच होतं." माझा हातही तिने धरला. ती खरं तेच बोलत होती, हे मला कळतं. पण मावशींच्या हातावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता, आणि तो शेवटपर्यंत राहिला असता, मग डोकं कितीही रिकामं होवो. तो विश्वास मी एका दुपारी, दोन ते पाच, काढून घेतला. आज ना उद्या होणार होतं त्यात हे नव्हतं.

त्या आठवड्याच्या नोंदी मी आता वाचते तेव्हा त्यांत काहीच नाही. हवामान आहे, दूध आहे, दाताचे डॉक्टर आहेत. गुरुवार: 'दाढ काढली.' शुक्रवार: 'खालचे दुकान बंदच.' मास्तर रोज दुपारच्या बसने आश्रमात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मला विचारायचे, येता का? मी म्हणायचे, उद्या. असे दहा दिवस गेले. तोंड दाखवायला जिवावर येत होतं.

रविवारी, चोवीस तारखेला, मी गेले. मास्तरांना बरोबर येऊ नका म्हटलं. दोन बस बदलून जावं लागतं. लांब इमारत, फरशी इतकी पुसलेली की पाय जपून टाकावे लागतात. मावशी खोलीच्या कोपऱ्यात खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगात कुणा दुसरीचं स्वेटर, बाह्या लांब, त्यामुळे बोटांची टोकंच दिसत होती. दोन आठवड्यांत त्या खूप लहान दिसायला लागल्या होत्या. मला बघून उठल्या.

"या ताई. बसने आलात?"

"बसने."

"किती बदलल्या?"

"दोन."

"मास्तर गाडी आणणार होते," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बसने आलात का?"

मी त्यांच्यासमोर बसले. येताना बसमध्ये मी वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "मावशी, त्या शनिवारची पाटी मी लिहिली होती. मी आकडे बदलले. तुमचं काही चुकलं नव्हतं. एकदाही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की नाही ते मला समजेना. शेजारच्या पलंगावरची बाई कूस बदलत होती. मग मावशींचा चेहरा एकदम उजळला, काहीतरी आवडतं आठवल्यासारखा.

"पांढरी पाटी," त्या म्हणाल्या. "काय अक्षर होतं हो, ताई. मी वाचतच राहिले. मला वाटलं, इतक्या सुंदर अक्षरात लिहिलंय म्हणजे तेच खरं असणार."

हे त्या मला लागावं म्हणून बोलल्या नाहीत. कौतुकाने बोलल्या. लांब बाहीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. भाजलेल्या तीन बोटांवरची नवी कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती. मी तो हात दोन्ही हातांत धरून बसून राहिले. त्यांनी मला मी बसने आले का असं आणखी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं. पाच वाजता एक मुलगी जेवणाचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, भेटायची वेळ संपली. मावशी ताटाकडे बघत राहिल्या. हात ताटावरून एकदा पुढे गेला, मग तसाच मागे आला. त्यांनी मुलीकडे वर बघितलं. मुलगी म्हणाली, "खा ना, आजी." तेव्हा त्यांनी चमचा उचलला.

परतीची पहिली बस चुकली. दुसरीत बसायला जागा मिळाली. घरी आले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दिवा लावला, कपडे बदलले आणि रोजनिशी घेऊन बसले. आश्रमाबद्दल काही लिहवेना. तारीख घातली, हवामान लिहिलं, आणि त्याखाली एवढंच लिहिलं:

लोकरीचे कपडे पेटीत ठेवले. डांबराच्या गोळ्या आठ.